मत बरणीचं, माझं नव्हे

“हात धुतलाय का, थोरात?” पिसाळ अण्णांनी बरणी पोटाशी धरून विचारलं.

“धुतलाय,” आमचे हे म्हणाले आणि त्यांनी लोणच्याच्या बरणीत मनगटापर्यंत हात घातला.

कऱ्हाडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची ती रीत होती. दर महिन्याला एक वादसभा. विषय आणि वक्ते आठ दिवस आधी ठरायचे, पण कोणी कुठल्या बाजूनं बोलायचं ते बरणी ठरवायची. बरणीत दोन चिठ्ठ्या, एकीवर ‘बाजूने’ आणि दुसरीवर ‘विरुद्ध’. हाताला लागेल ती आपली, तिथं रडारड चालत नसे. बरणी पिसाळ अण्णांच्या घरची. संघाला देण्याआधी वहिनींनी ती सोड्यानं घासघास घासली होती, पण लोणचं काही बरणी सोडून गेलं नव्हतं. चिठ्ठी खिशात ठेवली की आठवडाभर सदऱ्याला मोहरी-हिंगाचा वास येई.

ही रीत आमच्या ह्यांनीच घालून दिलेली. ‘म्हातारपणी मुलाकडं राहावं की नाही’ या विषयावर एकदा दोन जिवलग मित्र असे जुंपले की पुढं एकमेकांच्या दारावरून जाईनासे झाले. तेव्हा ह्यांनी नियम केला. बाजू बरणीनं द्यायची, चिठ्ठी वक्त्यानं खिशात सांभाळायची आणि सभा संपली की सगळ्यांसमोर ती बरणीत परत टाकून म्हणायचं, “मत बरणीचं, माझं नव्हे.” एवढं म्हटलं की कोणाचं कोणाशी वाकडं नाही. चिठ्ठी हरवली तर अख्ख्या सभेला भजी. तो दंड तोवर कोणी भरला नव्हता, कारण ह्यांच्यासमोर ‘हरवली’ म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आमचे हे, हिंदुराव थोरात, एसटीत तिकीट तपासनीस होते. माझ्या सख्ख्या भावाला त्यांनी उंब्रजजवळ विनातिकीट पकडलं, दंड केला, पावती हातात दिली आणि मग विचारलं, “घरी सगळे बरे आहेत ना?” तिकीट हरवलं ही सबब त्यांनी नोकरीत कधी ऐकून घेतली नाही. म्हणायचे, “ज्याला जपायचं असतं, त्याचं हरवत नाही.”

त्या महिन्याचा विषय होता, समलिंगी विवाहाला कायद्यानं मान्यता असावी की नसावी. दिल्लीच्या कोर्टात सुनावणी होऊन निकाल राखून ठेवला होता आणि टीव्हीवर रोज आरडाओरडा चालू होता. त्यात टीव्हीच्या अलीकडून ह्यांची भर. “कोर्टाला दुसरी कामं नाहीत! दोन बायका संसार करणार म्हणे. गॅसचं सिलिंडर कोण उचलणार?” आमच्या घरात लग्न झाल्यापासून सिलिंडर मीच उचलते, पण ते एक असो.

ह्यांनी चिठ्ठी उघडली आणि चेहरा पडला.

“काय निघालं?” अण्णांनी विचारलं.

“बाजूने.”

सभेत एकच हशा पिकला. उरलेली चिठ्ठी प्राध्यापक लाटकरांच्या वाट्याला गेली. लाटकर म्हणजे खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, गावातला एक मोर्चा चुकवला नसेल. त्यांनी ‘विरुद्ध’ वाचलं आणि तिखट मिरची लागल्यासारखं तोंड केलं.

“अण्णा, माझी गावात प्रतिमा काय राहील?”

“बरणीला प्रतिमा कळत न्हाय, सर.”

“थोरात, आपण गुपचूप बदलून घेऊ या का?”

ह्यांच्या मनात फार होतं, मला दिसत होतं. पण नियम त्यांचाच होता. “एकाच्या तिकिटावर दुसऱ्याला बसता येत नाही,” ते म्हणाले आणि चिठ्ठी वरच्या खिशात घातली.

सगळे हसत होते, एकटी मी हसत नव्हते. त्याचं कारण आमची वैजू.

वैजू पुण्यात नोकरीला. कोथरूडमध्ये कस्तुरी नावाच्या बेळगावच्या मुलीबरोबर राहायची. कस्तुरी दातांची डॉक्टर. आदल्या दिवाळीत मी करंज्या भरत होते, तेव्हा वैजू शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “आई, कस्तुरी माझी मैत्रीण नाही.”

“भांडलात का गं?”

“नाही. मैत्रीण आहेच. पण नुसती मैत्रीण नाही.”

मी दोन करंज्या सारणाशिवायच मिटवल्या. मग सगळं ऐकून घेतलं. रडले, नाही म्हणत नाही. शेवटी एवढंच म्हटलं, “पप्पांना मी म्हणेन तेव्हा सांग.” आणि मी काही म्हणत नव्हते. संक्रांत गेली, पाडवा गेला. आता वैजूनंच फोनवर निक्षून सांगितलं होतं, “कोर्ट काय म्हणायचं ते म्हणो. त्याच्या आधी मी पप्पांना सांगणार. अधिक महिन्यातल्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी येतोय.”

वादसभा त्याच रविवारी होती.

गंमत म्हणजे ह्यांचा कस्तुरीवर वैजूपेक्षा जास्त जीव. ह्यांची कवळी तिनंच बसवलेली. आधीची कवळी बोलताना खुळखुळायची, नवीन अशी बसली की हे खडीसाखर फोडून दाखवायचे. आणि आदल्या वर्षी वैजूचं अपेंडिक्स एकाएकी काढावं लागलं, तेव्हा दवाखान्यातून पहाटे फोन कस्तुरीचाच. हे गेले, सही केली, ऑपरेशन झालं. परत आल्यावर महिनाभर सांगत होते, “ती पोर रात्रभर दाराशी उभी होती गं! मैत्रीण असावी तर अशी.” त्या पोरीनं बसवलेल्या दातांनीच हे रोज टीव्हीसमोर तिच्याविरुद्ध गर्जना करत होते आणि मी गप्प बसून भाकरी थापत होते.

ते व्यासपीठावर काय बोलतील याची मला फिकीर नव्हती. भीती होती ती शेवटच्या वाक्याची. लेक समोर बसलेली असणार, आणि तिचा बाप चारचौघांत बरणीत चिठ्ठी टाकून सांगणार, मत माझं नव्हे. त्यानंतर ती पोरगी घरी येऊन कुठल्या तोंडानं काय सांगणार होती?

पण हे तोवर एकही वादसभा हरले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून तयारीला लागले.

“शालन, आपलं ठरलं तेव्हा तू मला बघितलं होतंस का?”

“मान खाली होती. बूट बघितले होते.”

“आवडले?”

“बूट बरे होते.”

त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, “असलं सगळं पुण्या-मुंबईकडं असतं. कस्तुरीला विचारतो.” मी मेथी निवडत होते. नको म्हणेपर्यंत त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“कस्तुरी, तुझ्या ओळखीत असं कोणी आहे का गं? तसल्यातलं?”

फोनमधून येणारा दात कोरायच्या यंत्राचा आवाज बंद झाला.

“आहेत की ओ, काका.”

“मग मला सांग, राहतात तर राहू देत, कोण अडवतंय? वर कायदा कशाला पाहिजे?”

“एका मुलीचं सांगू काय? तिच्या सोबतिणीला अचानक ऑपरेशनला घ्यायचं झालं. दवाखान्यातले विचारले, नातं काय तुमचं? ती काय सांगणार? मैत्रीण म्हणाली. मैत्रिणीची सही चालत नाही म्हणाले, घरचं माणूस आणा. किती वर्षं एका घरात राहायल्यात ओ त्या! पण घरचं माणूस यायचं होतं. तोवर ती भाईर उभी.”

“अरारा,” हे म्हणाले. “हा मुद्दा बिनतोड. लाटकर गार होणार.”

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. पायरीवर पाय ठेवल्या ठेवल्या बिनतिकिटाचा माणूस ओळखणारा हा गडी आपल्याच घरची गोष्ट मुद्दा म्हणून उतरवून घेत होता आणि खाली रेघ मारत होता.

रविवारी दुपारी दोघी आल्या. कस्तुरीनं आल्या आल्या ह्यांना उजेडात बसवून कवळी तपासली. “काका, भाषणाला ही पक्की बसलीय. बिनधास्त ओरडा.” वैजू मला स्वयंपाकघरात गाठून कुजबुजली, “पप्पा बाजूनं बोलणार? तू काही केलंस का?”

“मी नाही गं बाई. बरणीनं केलं.”

“मग आज रात्री सांगते. आज नाही तर कधीच नाही.”

मी शेवटच्या वाक्याबद्दल तिला काही बोलले नाही.

सभागृह भरून गेलं होतं. दोघी मागच्या रांगेत बसल्या, मी पुढं. वयानं मोठे म्हणून आधी लाटकर उठले. “मित्रहो, केवळ बरणीच्या आज्ञेवरून...” असं चाचरत सुरुवात केली. दोन वाक्यं झाली आणि कोणीतरी टाळी दिली. लाटकर दचकले. आयुष्यभर सुधारणेच्या बाजूनं बोलून बिचाऱ्यांना कऱ्हाडात कधी टाळी मिळाली नव्हती. ती चव लागली आणि माणूस सुटला. संस्कृती काय, कुळाचार काय, पूर्वज काय! शबनम खांद्यावरून घसरली तरी भान नव्हतं. शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “हा अधिक महिना! घरोघर जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायची आपली रीत! मला सांगा, घरात दोघीही मुलीच असतील तर अनारशाचं ताट ठेवायचं कुणापुढं? थोरातांनी याचं उत्तर द्यावं!”

सभागृह दणाणलं. मागं वळून बघितलं तर कस्तुरीसुद्धा तोंडाला ओढणी लावून हसत होती. वैजू मात्र बापाकडं बघत होती.

हे उठले. खिशातून चिठ्ठी काढून सभेला दाखवली, परत ठेवली. “माझं लग्न झालं तेव्हा मी बायकोला बघितलं नव्हतं आणि तिनं माझे नुसते बूट बघितले होते,” ते म्हणाले. “बूटसुद्धा महामंडळाचे होते. त्या लग्नाला कायद्यानं तिथल्या तिथं मान्यता दिली! आणि जी माणसं वर्षानुवर्षं एका घरात राहून, एकमेकांचा स्वभाव सोसून, आम्हाला लग्न करू द्या म्हणतात, त्यांना आपण सांगतो, थांबा, विचार करून कळवतो.”

बायकांच्या बाजूनं जोराची टाळी पडली. अण्णासुद्धा बरणीवर ताल धरून होते. हे खुलले. आता बिनतोड मुद्दा येणार, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं.

“एका मुलीची खरी गोष्ट सांगतो. तिच्या सोबतिणीला ऑपरेशनला घ्यायचं होतं. दवाखान्यानं विचारलं, नातं काय? मैत्रीण. मैत्रिणीची सही चालत नाही, घरचं माणूस आणा. मग त्या पोरीनं पहाटे मुलीच्या बापाला फोन केला. बापानं पहिली स्वारगेट गाडी धरली. बसायला जागा होती तरी बसला नाही, पुण्यापर्यंत कंडक्टरशेजारी उभा...”

इथं ते थांबले.

बापाचं आणि स्वारगेट गाडीचं कस्तुरीनं फोनवर काहीच सांगितलं नव्हतं. मी समोर बसून ऐकलं होतं.

ह्यांनी चष्मा काढला आणि मागच्या रांगेकडं बघितलं. पुढच्या दारानं चढून शेवटच्या बाकड्यापर्यंत बघायचे, तसं. कस्तुरीनं मान खाली घातली. वैजूनं घातली नाही.

“थोरात, पाणी देऊ का?” अण्णांनी विचारलं.

“नको.” त्यांनी चष्मा परत लावला. आवाज एकदम घरातला झाला. “बाप गेला, सही केली. ती पोर रात्रभर दाराशी उभी होती. बापानं तिला चहा पाजला आणि म्हणाला, थँक्यू. परक्या माणसाला म्हणतात तसं. बास, एवढंच माझं बोलणं.”

“आणि अनारशाचं?” मागून कोणीतरी ओरडलं.

“अनारशाचं बघू,” असं म्हणून हे खाली बसले.

हात वर करून मतं घेतली. भाषण अर्धवट राहिलेलं, त्यात लाटकरांचे अनारसे सगळ्यांच्या तोंडात घोळत होते. लाटकर जिंकले. आमचे हे पहिल्यांदाच हरले, आणि त्यांच्यापेक्षा जास्त हबकले ते लाटकर. नाव पुकारायच्या आत धावत जाऊन त्यांनी चिठ्ठी बरणीत टाकली. “मत बरणीचं, माझं नव्हे! सगळ्यांनी ऐकलं ना? माझं अजिबात नव्हे!”

“आता थोरात,” अण्णा म्हणाले.

हे उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले. ते वाक्य येईना म्हणून उघडले, तर हे विजारीचे खिसे चाचपत होते. उजवा झाला, डावा झाला, मागचा झाला. रुमाल झटकून बघितला. चष्म्याचं घर उघडून बघितलं.

“सापडत नाही,” ते म्हणाले. “हरवली.”

“हरवली? तुमची?” अण्णांनी बरणी खालीच ठेवली. “आत्ता तर दावलीसा! वरच्या खिशात बघा की.”

“तिथं नाही,” हे म्हणाले, आणि उजवा तळवा त्या खिशावर घट्ट दाबून ठेवला. “नियम आहे. दंड भरतो. भजी सांगा.”

त्यांना धडधडीत खोटं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मला इतकं भरून आलं की भजी आली तेव्हा तिखटाचं निमित्त करून डोळे पुसले. मागं वळले तर वैजू हिरमुसली होती. तिला बापाचा हात दिसलाच नव्हता, माणसं मध्ये होती. तिला फक्त एवढंच कळलं होतं की भाषण अर्धवट टाकून पप्पा खाली बसले.

“थोरात, मी मनानं तुमच्याच बाजूचा बरं का,” लाटकर कांद्याचं भजं हातात घेऊन काकुळतीला आले होते.

“माहीत आहे, सर. तुमचं बरणीत पडलं ना? मग झालं.”

आम्ही घरी आलो. फाटकापाशी वैजू म्हणाली, “पप्पा, मला तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“उद्या,” हे म्हणाले. “आज मी हरलोय. आज नको.” आणि जेवून झोपले.

सकाळी दोघींची दहाची गाडी. उठून बघते तर हे घरात नाहीत, चप्पल नाही, पिशवीही नाही. वैजूनं बॅग भरून दाराशी आणून ठेवली. “कळलंय त्यांना, आई,” ती म्हणाली. “तोंड बघायचं नाही म्हणून निघून गेलेत.” कस्तुरी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःच रडत होती. मी काही सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात फाटक वाजलं. हे घामाघूम होऊन आत आले, हातात दोन डबे.

“हे काय?” मी विचारलं.

“अनारसे. ऑर्डरी घेतात त्या सावंत वहिनींना उठवून तळून घेतले.” त्यांनी डबे टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. “तेहतीसाचे निम्मे होत नाहीत. म्हणून दोन डबे.”

“कुणाला द्यायचेत?” मी मुद्दाम विचारलं.

“अधिकात कुणाला देतात?” ते माझ्यावरच खेकसले. “बघत काय उभी राहिलीस? ताटं आण, कुंकू आण. दहाची गाडी कोणासाठी थांबत नाही.”

मी कुंकू आणलं. घाईत कस्तुरीच्या कपाळावरचं जरा वाकडंच लागलं. हे ताट पुढं करताना दोघींपैकी कोणाकडंच बघत नव्हते, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं बघत होते. वैजूला हुंदका आवरेना. म्हणाली, “पप्पा, मी सांगणार होते...”

“भाषण मी केलं, मलाच काय सांगतेस?”

कस्तुरीनं डबा उघडला, नाक जवळ नेलं आणि रडता रडता कपाळाला आठी घातली. “काकू, अनारशाला लोणच्याचा वास यायलाय की ओ!”

तिनं वरचा अनारसा उचलला. खाली कागदाची घडी होती, तेलकट, पिवळट. तिनं ती उलगडली. ‘बाजूने.’

“काका! हरवली म्हणालासा की!”

“हरवली नव्हती,” हे म्हणाले. “परत करायची नव्हती.” मग तिच्याच डब्यातला एक अनारसा उचलून तिनं बसवलेल्या दातांनी कडकन फोडला.

ऑक्टोबरात निकाल लागला. कोर्टानं सांगितलं, असा कायदा करणं आमचं काम नाही, ते संसदेनं बघावं. टीव्हीवर पुन्हा तोच आरडाओरडा सुरू झाला. ह्यांनी टीव्ही बंद केला, फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“कस्तुरी, ऐकलंस?”

“ऐकलं, काका.” तिचा आवाज बसला होता. मागं वैजू नाक ओढत होती.

“ते तिकीट आहे ना जवळ?”

“पाकिटात आहे. पाकिटाला सगळा वास लागलाय ओ.”

“लागू दे. तिकीट आहे ना, मग स्टँड सोडायचा नाही,” हे म्हणाले. “गाडी लेट आहे.”